बातमीत न आलेली माझी आक्का

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात वाचकांच्या पत्रांमध्ये एका निवृत्त गृहस्थांचं पत्र छापून आलं आहे. ज्यानं घाम गाळला त्याला तसा पगार मिळाला, आणि शिकायची इच्छा असेल तर गरिबी कुणाला अडवत नाही, असा त्यांचा सूर आहे. पुरावा म्हणून त्यांनी निकालाच्या दिवसांत येणाऱ्या बातम्या सांगितल्या आहेत. ऊसतोड मजुराचा मुलगा नोकरीला लागला, कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, अभ्यास करून मुलीनं दहावीला नव्वद टक्के मिळवले, अशा. पत्र वाचल्यापासून माझ्या मनाला चैन नाही, कारण त्यातली एक बातमी माझी आहे.

२०१२ साली मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो, तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा पानावर माझा फोटो आला होता. आबांनी ते कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला लावलं, ते अजून तिथंच आहे. आईबाप कोयता घेऊन कारखान्यावर, घरात लाईट नाही, तरी पोरानं जिद्दीच्या जोरावर यश मिळवलं, असं त्यात लिहिलंय. एकही ओळ खोटी नाही. पण माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, त्यात उल्लेखच नाही. तिच्यावाचून ती बातमी अर्धीच आहे. आता त्या अर्ध्या बातमीवरून कुणी सगळ्या गरिबांना नियम लावू लागलं, तर उरलेली अर्धी सांगणं मला भाग आहे.

आमचं गाव धारूर तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरावर. चार एकर मुरमाड जमीन, विहिरीला दिवाळीपर्यंत पाणी, त्यानंतर आईबाप ऊसतोडीला. १९९७ च्या दिवाळीत आक्का सहावीत होती, मी तिसरीत, आणि धाकटा भाऊ दहा महिन्यांचा. दोन वर्षांपूर्वी आक्काला चौथीची शिष्यवृत्ती मिळाली होती. आमच्या शाळेतून ती एकटीच. मला तिसापर्यंतचे पाढे तिनंच शिकवले, चुलीपुढं बसवून, चुकलं की पहिल्यापासून. गुरुजी वर्गाबाहेर गेले की खडू तिच्या हातात देऊन जायचे.

त्या वर्षी आजी म्हणाली, मी एक पोरगं सांभाळीन, दोन नाही. तिचंही खरं होतं. बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडून तिचे गुडघे गेले होते आणि कणगीत ज्वारीही एकाच्या भाकरीपुरती होती. मायला उसाच्या फडात उतरायचं तर धाकट्याला कडेवर घ्यायला कुणीतरी लागणार. मला ते जमलं नसतं, आक्काला जमत होतं. एवढ्यावर ठरलं. कुणी रडलं नाही, वाद झाला नाही. गाडी निघाली तेव्हा आक्का भांड्यांच्या गोणीवर बसली होती, मांडीवर धाकटा. तिचं गणिताचं पुस्तक तिनं माझ्याकडं दिलं. मी ते तीन वर्षांनी वापरलं.

पाडव्याला ती परत आली. मुख्याध्यापकांनी परीक्षेला बसवलं, ती पासही झाली. सातवीचे चार महिने केले आणि पुन्हा दिवाळी आली. त्यानंतर शाळेच्या हजेरीत तिचं नाव होतं की नाही, मला माहीत नाही. पंधराव्या वर्षी तिच्या हातात कोयता आला. अठरा पूर्ण व्हायच्या आत लग्न झालं. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. जोडी झाली की मुकादम, म्हणजे मजूर नेणारा ठेकेदार, पूर्ण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. आमच्या भागातली कितीतरी लग्नं कार्तिकाआधी का उरकतात, याचं हेच कारण आहे. शहरातल्या वाचकाला हे ठाऊक नसेल.

इकडं मी आजीपाशी राहून सातवी केली. पुढं वसतिगृहात नंबर लागला, दोन वेळचं जेवण मिळालं, अंबाजोगाईला पदवी झाली. मी अभ्यास केला नाही असं मी म्हणणार नाही. रात्री दीड-दोनपर्यंत जागलोय. पण मला जागायला एक जागा होती आणि सकाळी शाळा होती. आक्काही जागत होती. ती पहाटे तीनला उठून चूल पेटवत होती.

आता कष्टाचं बोलू. मी कचेरीत पावणेदहाला बसतो, सव्वासहाला उठतो. २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, म्हणून शनिवार-रविवार सुट्टी. कपात जाऊन हातात त्रेचाळीस हजार येतात. महिन्याचे बावीस दिवस धरले तर दिवसाला साधारण १,९५० रुपये.

गेल्या हंगामात आक्का आणि दाजी यांनी २०५ टन ऊस तोडला. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, म्हणून टनाला ३६६ रुपये पडले. म्हणजे दोघांचे मिळून ७५,०३० रुपये. प्रत्यक्ष तोडीचे दिवस ११० भरले. प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ३४१ रुपये आले. तीनला उठायचं, चारला फडात, दिवस मावळेपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधायच्या, मग तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. कारखान्याची गाडी रात्री अकराला आली तर अकराला भरायची. चौदा तास धरले तरी तासाला चोवीस रुपये होतात. माझे आठ तासांच्या हिशोबानं २४४ होतात. दहापट. मी तिच्या दहापट कष्ट करतो असं कुणी म्हणत असेल, तर त्यांनी माझ्या आक्काचे तळहात एकदा बघावेत.

ते गृहस्थ म्हणतात की पगार कष्टाच्या मापानं मिळतो. मी यावर बराच विचार केला. आक्काचे कष्ट खरोखरच मापले जातात. कारखान्याच्या वजनकाट्यावर, किलोपर्यंत. जेवढं तोडलं तेवढंच मिळतं, मोळी कमी तर पैसा कमी. माझे कष्ट आजवर कुणी मापले नाहीत. मी एका दिवसात वीस बिलं तपासली काय नि आठ तपासली काय, एक तारखेला तेवढेच पैसे खात्यावर येतात. कष्टाप्रमाणे दाम हा नियम या देशात कुणाला लागू असेल तर तो तिलाच लागू आहे, आणि तासाला चोवीस रुपये तिलाच मिळतात.

मागच्या डिसेंबरात मला डेंग्यू झाला. नऊ दिवस रजा घेतली, पगार पूर्ण मिळाला. त्याच महिन्यात आक्काच्या पिंडरीला कोयता लागला, टाके पडले. ती तीन दिवस कोपीत बसली. मुकादमानं तीन खाड्यांचे, म्हणजे गैरहजेरीचे, पंधराशे रुपये तिच्या नावावर मांडले. काम नाही म्हणून मजुरी नाही, हे एक वेळ मी समजू शकतो. पण इथं जखमी बाईला वरून दंड आहे.

माझा महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढतो, जानेवारी आणि जुलैपासून. सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, त्याचा फरकही मिळाला. यासाठी मी एक कागदही जास्त तपासलेला नाही. आक्काचा दर तीन-तीन वर्षांच्या कराराने ठरतो. कराराची मुदत संपते, संघटना संपाचं बोलतात, बैठका होतात, तोवर मजूर जुन्या दरानं तोडत राहतो. माझ्या पाठीशी शासन निर्णय असतो. तिच्या पाठीशी उचलीचं ओझं असतं, आणि आधीच पैसे घेतलेला माणूस दरासाठी किती दिवस घरी बसू शकेल? गेल्या हंगामासाठी त्यांनी नव्वद हजार उचल घेतली होती. ७५ हजार फिटले, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून थोडे आले ते किराण्यात गेले, वरचे पंधरा हजार आणि खाडे यंदाच्या वहीत पुढं ओढलेत. सहा महिने राबून हिशोब उणे.

वहीवरून मला मुख्य गोष्ट सांगायची आहे, ती इतका वेळ लांबली.

आक्काच्या टोळीत नऊ कोयते आहेत. त्यांचा हिशोब आक्का ठेवते. कुणी सांगितलेलं नाही, पैसेही मिळत नाहीत. शंभर पानी वही, प्रत्येक कोयत्याला एक पान, तारीख, गाडी नंबर, वजनाची पावती, उचल, किराणा, दवाखाना. चार वर्षांपूर्वी हंगामाच्या शेवटी मुकादमाच्या वहीत त्यांच्या टोळीचा अकरा टन ऊस कमी निघाला. गडीमाणसं शिव्या देत बसली. आक्कानं कनवटीला जपून ठेवलेल्या पावत्या काढल्या, दोन गाड्यांची नोंद पुढच्या टोळीच्या पानावर गेल्याचं तारखेसह दाखवलं, आणि अकरा टनांचे पैसे टोळीला मिळाले. कोपीत, चिमणीच्या उजेडात, सातवी अर्धवट राहिलेल्या बाईनं.

मी नोकरी करतो ती लेखा शाखेत. पावत्या आणि नोंदवही ताडून बघणं, रक्कम चुकीच्या शीर्षात गेली असेल तर शोधून काढणं, हेच माझं काम. त्याचेच मला त्रेचाळीस हजार मिळतात. ती वही मी पहिल्यांदा बघितली तेव्हा मला एक चूक सापडली नाही. आमच्या कचेरीतल्या नोंदी इतक्या स्वच्छ नसतात, हे मी बारा-तेरा वर्षांच्या अनुभवानं सांगतो. काम तेच, अक्कल तिची माझ्यापेक्षा जास्त, कष्टाचा तर प्रश्नच नाही. फरक पदवीच्या एका कागदाचा आहे, आणि तो कागद मला मिळाला तो आजीच्या कणगीत एकाच पोरापुरती ज्वारी होती, त्या दिवशी.

मग ते गृहस्थ म्हणतील, तेव्हाचं सोडा, आता कायदा आहे, योजना आहेत. आहेत, मी नाकारत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. आईबाप तोडीला गेले तर मुलांना गावातच ठेवायला हंगामी वसतिगृहं आहेत. मुलगा आईबापांबरोबर गेलाच तर त्याला शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते दाखवून तो जिथं जाईल तिथल्या शाळेत बसू शकतो. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांत मुलांची आणि मुलींची मिळून ८२ वसतिगृहं काढायचं ठरलं. या सगळ्यामुळं काही पोरं वाचली, त्यांची नावं मी सांगू शकतो.

पण आक्काचा मुलगा तिसरीत आहे, त्याची गोष्ट ऐका. गेल्या वर्षी गावातल्या हंगामी वसतिगृहाची मंजुरी डिसेंबरात आली. गाड्या नोव्हेंबरात गेल्या. एवढ्या लहान पोराला मधले चार-पाच आठवडे ठेवायचं कुणापाशी? त्याला बरोबर नेलं. मुक्काम पडला बेळगावकडं. हमी पत्रक दप्तरात होतं, पण कोपीपासून चार किलोमीटरवरची शाळा कानडी निघाली. तिथल्या बाईंनी प्रेमानं बसवून घेतलं, खाऊ दिला. पोरगं आठ दिवस गेलं, नंतर फडात वाढे गोळा करू लागलं. एप्रिलला परत आलं तेव्हा त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. आता तो तिसरीत आहे, आणि पुस्तक तिसरीचं आहे. त्याच्या कष्टात काय कमी होतं, हे मला कुणीतरी सांगावं.

भाचीचा प्रश्न वेगळा आहे. ती दहावीत आहे, दोन वर्षांपासून माझ्याकडं राहते. आठवीपर्यंत कायद्याचं छत्र, म्हणजे वयाची ६ ते १४ वर्षं. नववीला पोर चौदा ओलांडते, आणि नेमक्या त्याच वयात आईबापांना दोन काळज्या लागतात: हिला एकटीला ठेवायचं कुठं, आणि कोयता जोडीनं कधी धरायचा. आक्कानं तिला माझ्या दारात आणून सोडलं आणि एवढंच म्हणाली, हिचं गणिताचं पुस्तक हिच्याकडंच राहू दे. मला त्या वाक्यानं झोप लागली नाही.

भाचीला डॉक्टर व्हायचंय. २०२४ पासून आपल्या राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मागास आणि आर्थिक दुर्बल घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ आहे. चांगला निर्णय आहे, मनापासून सांगतो. पण त्या दारापर्यंत पोचायला आधी ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा पार करावी लागते. मी लातूरला जाऊन चौकशी केली. क्लास, खोली आणि मेस धरून वर्षाचा आकडा दीड लाखाच्या पुढं जातो, आणि अशी दोन वर्षं. आक्का-दाजींच्या दोन हंगामांच्या कमाईएवढं एका वर्षात. लातूरनं मराठवाड्याच्या पोरांना मेडिकलची वाट दाखवली, याचा मला अभिमान आहे. त्या वाटेवर उभं राहायलाच आता पैसे लागतात, याचं दुःखही आहे. भाचीला मी पाठवणार, पतसंस्थेचं कर्ज काढून. तिचा मामा लेखा शाखेत आहे म्हणून ती जाईल. तिच्या वर्गातल्या दुसऱ्या दोघी तोडीला जाणाऱ्या घरातल्या आहेत, त्यांच्या मामांच्याही हातात कोयताच आहे.

डॉ. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा शेजारी वसतिगृहंही उभी राहिली. निजामाच्या राज्यातून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातला खेड्यातला पोरगा नुसत्या वर्गावर टिकणार नाही, त्याला भाकर आणि आडोसा लागेल, हे तिथं ओळखलं होतं. मी स्वतः वसतिगृहाच्या भाकरीवर शिकलो. माझी जिद्द म्हणून जे छापलं, त्यात त्या भाकरीचा वाटा किती, हे मला ठाऊक आहे.

म्हणून त्या गृहस्थांना माझी नम्र विनंती आहे. निकालाच्या बातमीतला एक मुलगा वर आला हे खरं, पण त्याच घरातली बाकीची पोरं कुठं आहेत, हेही विचारत जा. आणि आपल्या वार्ताहरांना सांगा, संपादकसाहेब, अशी मुलाखत घेताना एक प्रश्न जास्तीचा विचारा: तू शिकत होतास तेव्हा धाकट्याला कोण सांभाळत होतं?

यंदाची स्थिती सांगून थांबतो. सप्टेंबरच्या पावसानं आमच्याकडं सोयाबीन आणि कापूस पाण्यात गेला. जी घरं दोन-तीन वर्षांपासून तोडीला जायची थांबली होती, त्यांनीही उचल घेतली आहे. गावातून या वेळी जास्त कोयते जाणार. आमच्या शाळेच्या शिक्षकांनी आणि आम्ही काही जणांनी मिळून हंगामी वसतिगृहासाठी एकतीस मुलांची यादी केली. दहा मुली पाचवीच्या पुढच्या आहेत. स्वयंपाकाला दोन बाया तयार आहेत, समाजमंदिराची खोली सारवून ठेवली आहे, ज्वारी गावानं गोळा केली आहे. यादी गणपतीच्या आधी वर दिली. अजून मंजुरीचं पत्र नाही. विचारलं की कागद पुढं गेलाय असं सांगतात.

पुढच्या आठवड्यात कारखान्यांची धुराडी पेटतील. आमच्या टोळीची गाडी शुक्रवारी रात्री लागणार आहे. आक्काचा मुलगा यादीत अकरावा आहे. त्याचं दप्तर अजून गोणीत भरलेलं नाही, बाहेरच ठेवलंय. शुक्रवारच्या आत पत्र आलं तर तो आणि बाकीची तीस पोरं गावात राहतील.

आपला,
एक वाचक, ता. धारूर, जि. बीड

(सरकारी नोकरीत असल्यामुळे नाव छापू नये, ही विनंती.)